पाण्यातले देव

ज्या दिवशी माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात मळणी यंत्रात गेला, त्याच दिवशी, त्याला गाडीत घालून अकोल्याच्या दवाखान्याकडे रवाना केल्यावर, मी घरी आलो आणि पाण्यात ठेवलेले देव बाहेर काढून कोरडे पुसले. माझ्या या कृतीचा गावाने एक चांगला अर्थ लावला. वहिनीनेही तोच लावला. मी तो लागू दिला. खरा अर्थ मला एकट्यालाच ठाऊक होता आणि तो मी अनेक वर्षे छातीशी धरून वावरलो. परवा तो तोंडाने सांगून झाला, म्हणूनच आज लिहिण्याचे धैर्य करतो आहे.

ही रीत सगळीकडे असेलच असे नाही, म्हणून सांगतो. आमच्या घरांत मोठा प्रसंग आला की देवघरातले देव पाण्यात ठेवतात. बाळंतीण अडली, कोणाला शस्त्रक्रियेसाठी आत नेले, की घरची बाई भांडेभर पाणी घेते, देव त्यात बुडवते आणि आपले मागणे सांगते. ते पुरे होईपर्यंत देवांनी पाण्यातच राहायचे. पुरे झाले की त्यांना काढायचे, पुसायचे, हळदकुंकू वाहून पुन्हा जागेवर बसवायचे. देवालाही थोडा कोंडमारा सोसावा लागला, तर त्याला आपली निकड लवकर कळेल, असा त्यामागे भाव असतो. बहुधा एक-दोन दिवसांत देव बाहेर येतात. आमच्या घरचे देव अनेक वर्षे पाण्यात राहिले, आणि ते दादासाठी.

आमचे गाव सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. वडील लवकर गेले. शेताचा भार दादाने कोवळ्या वयात खांद्यावर घेतला आणि वांगी, मिरची, सोयाबीन पिकवून मला शिकवले. पुढे मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल झालो. माझे लग्न जमले नाही. घराच्या मधोमध एक भिंत घातली गेली; तिच्या एका अंगाला दादा आणि वहिनी, दुसऱ्या अंगाला माय, मी आणि देवघर. दादाचे माझ्यावर उपकार आहेत, हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचे आहे त्यात ते झाकले जाण्याचा धोका आहे.

दादा मारत असे. बैलाला, माणसाला, भांड्याला, दाराला. तो दारू पीत नव्हता. हे ऐकून लोकांचा विरस होतो. दारू असती तर सगळा दोष तिच्यावर घालता आला असता. त्याचा राग आतून, काही न पिता येत असे आणि आला तसा हातांत उतरत असे. त्याचे हात मोठे होते. मनगटे एवढी जाड, की बाजारात घड्याळाचा पट्टा पुरत नसे.

देवावर त्याचा विश्वास नव्हता. त्यामागे काही वाचन नव्हते, की कुठला आघात नव्हता. रिकाम्या घरात डोकावून हाक मारावी आणि उत्तर न आल्यावर निघून जावे, तसा तो मारुतीच्या देवळात जाऊन येत असे. “कोन हाये तिथं?” तो मायला विचारी. “मले तं कोनी दिसत नाई. तुले दिसला तं मले आवाज दे.”

एका पोळ्याच्या दिवशी माय ओवाळणीचे ताट घेऊन दारात उभी होती. बैल रंगवलेले, शिंगांना बेगड लावलेली. ताटातल्या ज्योतीला आमचा एक बैल बुजला आणि मागे सरताना त्याचा खूर दादाच्या पायावर पडला. दादाने बाजूला ठेवलेल्या जुवाची शिवळ उचलली. शिवळ म्हणजे जुवाला घालतात ती हातभर लांबीची लाकडी खुंटी. पहिला वार बैलाच्या कपाळावर बसला, दुसरा डोळ्यावर. डोळा फुटला. ज्या जनावराची त्या दिवशी पूजा करायची, त्याच्या गालावरून रक्त आणि गेरू एकत्र ओघळू लागले. माय मध्ये गेली, तेव्हा ताटावर फटका बसला आणि पुरणपोळीचा घास, कुंकू, वात, सगळे शेणात पडले.

ती आत आली. पितळेचा गंज, म्हणजे उभे पातेले, पाण्याने भरला. देवीचा चांदीचा टाक, खंडोबाचा टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, एकेक करून तिने पाण्यात सोडले. मी तिच्या मागे उभा होतो. ती म्हणाली, “याचे हात एकदा तरी जुडू दे देवा. तोवर तूही ऱ्हाय पान्यात.”

एवढेच तिचे मागणे होते. पैसा नाही, नातू नाही. दादाचे ते दोन हात एकदा एकमेकांना लागावेत.

दादाला हे कळले तेव्हा तो गंजात डोकावला. “काऊन माय, देवाले आंघोळ घालून राह्यली, का बुडवून मारून राह्यली?”

“तुह्यासाठी ठेवले, बापा.”

“माह्यासाठी? मंग मीठ टाक थोडं. लवकर शिजतीन.”

माय हसली. तो दादाचा विनोद होता आणि त्याच्या विनोदाला हसले नाही तर पुढे काय होते, हे तिला ठाऊक होते. काही महिन्यांनी त्याच गंजाला त्याने लाथ मारली. भाकरी करपली होती, एवढेच निमित्त. गंज अंगणभर गडगडत गेला, देव मातीत सांडले. माय गुडघ्यांवर बसून चिखलातून एकेक देव वेचत होती आणि दादा वरून सांगत होता, “तो पाह्य तुहा खंडोबा, गोठ्याकडं पळाला. धर त्याले!” तिने देव वेचले, धुतले, नव्या पाण्यात ठेवले आणि मागणे पुन्हा पहिल्या शब्दांत सांगितले. एक अक्षरही बदलले नाही. तिची ही गोष्ट मला त्या वेळी भाबडी वाटली होती. आज वाटते, त्या घरात तेवढेच एक बळ होते.

मला लागले ते त्यानंतर. पाण्याच्या पाळीवरून शेतात त्याने शेजाऱ्याच्या सालदाराला फावड्याच्या दांड्याने झोडपले. मी धावलो, पण मध्ये पडलो नाही, बांधावर उभा राहून ओरडलो, “दादा, देव पाहून राह्यला रे!” त्याने वळून हातातला दांडा माझ्या तोंडावर फिरवला. मी खाली पडलो तेव्हा तोंडात दातांचे तुकडे होते. तो वाकून म्हणाला, “पाह्यते तं पाहू दे. तुहे दात मोज म्हना त्याले.”

समोरचे दात गेले आणि जबडा नीट बसला नाही. तेव्हापासून मी हळू बोलतो. लोक माझ्या मृदू बोलण्याची तारीफ करतात. ती मृदुता त्या बांधावर मिळालेली आहे.

माय गेली तेव्हा देव पाण्यातच होते. शेवटच्या दिवसांत तिने मला बजावले, “म्या गेल्यावर काढू नको लेकरा. याचे हात जुडेपर्यंत मांगत ऱ्हाय. मांगून मांगून थकू नको.” मी मान डोलावली. तिच्या सरणाशी सगळ्यांनी हात जोडले. दादा लाकडे नीट लावत राहिला.

त्यानंतर रोज सकाळी गंजातले पाणी बदलणे आणि मागणे सांगणे माझ्याकडे आले. मी ते निष्ठेने केले. टाक काळे पडले, बाळकृष्णाच्या पायांना हिरवट थर चढला. गावचे गुरव एकदा आले, त्यांनी गंज पाहून कपाळाला हात लावला. “अहो, देवाला इतके दिवस असं ठेवत नाहीत. हे मागणं नाही राहिलं, ही कैद झाली.” मी त्यांना मायचा शब्द सांगितला. ते चहा न घेता गेले.

आता जे सांगायचे ते सर्वांत अवघड आहे. मार आता भिंतीपलीकडे वहिनीला बसत होता. माय होती तोवर ती मध्ये जाई आणि अर्धा मार स्वतःवर घेई. ती गेल्यावर मध्ये जाणारे कोणी राहिले नाही. मी होतो, पण दिवेलागणीला पलीकडून आवाज सुरू झाला की मी देवघरात जाऊन बसत असे. आधी दादाचा आवाज, मग भांड्याचा, मग वहिनीचा दाबलेला हुंदका. त्या आवाजावर माझी आरती चाले. एका संध्याकाळी तिचे डोके आमच्या सामाईक भिंतीवर आपटले. भिंतीवरचा मायचा फोटो हलला. मी काय केले? मी घंटा जोरात वाजवली. पलीकडचे ऐकू येऊ नये म्हणून मी देवाची घंटा वाजवत राहिलो, आणि तिला भक्ती म्हणत राहिलो.

दुसऱ्या सकाळी वहिनी विहिरीवर भेटली. भुवईवर हळद भरली होती. ती म्हणाली, “भाऊजी, रातच्याला लय घंटा वाजवली तुमी.”

“तुमच्यासाठीच मागून राह्यलो वैनी. त्याले सुबुद्धी येईन.”

तिने घागर काठावर ठेवली. “देवाले कायले सांगता भाऊजी? याहिचा हात धरा ना. तुमी एक धरा, मी एक धरतो. दोनच तं हात हायेत.”

मी खाली पाहिले. मला त्या हाताचा अनुभव होता. मी म्हणालो, “पाहतो,” आणि घरी आलो.

त्या दिवसापासून माझे मागणे बदलले. मायचे शब्द तोंडात येत, पण त्यांच्यामागे दुसरे शब्द उभे असत. हात धरण्याचे धैर्य नव्हते, म्हणून तो हातच नसावा असे वाटू लागले. आणि एका दिवेलागणीला, पलीकडे लोखंडी पळी वाजत असताना, मी गंजावर वाकून स्पष्ट म्हणालो, “देवा, याचा हात मोड. मोडल्याशिवाय हा वाकणार नाही. याचा हात मोड, मग मी तुला बाहेर काढीन.” पाण्यात माझा चेहरा दिसत होता. तो दादासारखा दिसला, असे लिहिण्याचा मोह होतो. पण तसे नव्हते. तो माझ्याचसारखा दिसत होता, शांत आणि भाविक.

हे मी एकदाच म्हणालो नाही. तो हंगाम संपेपर्यंत रोज म्हणत होतो.

सोयाबीनच्या मळणीला आमच्या शेतात भाड्याचे यंत्र आले होते. ट्रॅक्टरवर चालणारे, वर मोठा जबडा, त्यात पेंढ्या टाकायच्या. दादा तोंडावर उभा होता, कारण ते सर्वांत जोखमीचे काम आणि ते तो दुसऱ्याला देत नसे. हाही त्याचा स्वभाव. मी खाली पोती लावत होतो. सोयाबीन किंचित ओले होते. पेंढ्या जबड्यात अडकल्या, यंत्राचा सूर घोगरा झाला. ट्रॅक्टरवाला ओरडला, “थांबा, बंद करतो!” दादाला थांबणे माहीत नव्हते. त्याने अडकलेल्या पेंढीला शिवी दिली आणि तिच्यावर बुक्की मारावी तसा हात आत दाबला.

आवाज आधी हाडाचा आला, मग त्याचा. दादाला मी त्याआधी कधी ओरडताना ऐकले नव्हते. ओरडणारे नेहमी दुसरे असत. यंत्राच्या दुसऱ्या तोंडातून जे कुटार, म्हणजे भुसा, बाहेर पडत होते, ते लाल झाले. ट्रॅक्टर बंद पडला तरी आतले चक्र आपल्या जोराने फिरतच होते आणि दादा त्याच्याबरोबर आत ओढला जात होता. मी, ट्रॅक्टरवाला आणि पेंढ्या देणारा मजूर, आम्ही तिघांनी चक्र उलटे फिरवून त्याला सोडवला. कोपराच्या खाली जे होते त्याला हात म्हणता येत नव्हते. मी माझा दुपट्टा दंडाला आवळून बांधला. दादा माझ्याकडे पाहत होता आणि म्हणत होता, “लहान्या, घट्ट बांध. घट्ट बांध बे.”

त्याला गाडीत घालून त्या दोघांबरोबर पुढे पाठवले. मी वहिनीला आणि कपडे घेऊन मागून निघणार होतो. घरी आलो. हात धुतले. वहिनी पलीकडे रडत गाठोडे बांधत होती. मी देवघरात गेलो, गंजात हात घातला आणि देव बाहेर काढले. एकेक टाक धोतराच्या सोग्याने पुसला. जागेवर बसवला. ठरल्याप्रमाणे. देवाने त्याचे काम केले होते, मी माझे करत होतो. आणि मग मला भूक लागली. टोपलीत सकाळची भाकरी होती. ती मी उभ्याउभ्याने, मिरचीच्या ठेच्याशी, पूर्ण खाल्ली. कितीतरी महिन्यांनी जेवण गोड लागले.

वहिनी दारात येऊन उभी राहिली तेव्हा माझ्या तोंडात शेवटचा घास होता. तिने कोरडे देव पाहिले. “काढले?”

मी घास गिळला. “आता पाण्यात कशाला ठेवू वैनी,” मी म्हणालो, “आता त्यांचे पाय धरायची वेळ आहे. त्याचा जीव मागतो.”

तिने देवांपुढे डोके टेकले आणि मग, मी अडवण्याआधीच, माझ्या पायांवर.

दादा वाचला. हात कोपराच्या वर कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर त्याने उरलेल्या खुंटाकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, “मायच्या फोटोले सांगा, नवस बुडाला तुहा. आता जुडाले एकच राह्यला.” खोलीतले इतर रोगी हसले. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. तोपर्यंत हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मायचे मागणे मी स्वतःच्या तोंडाने कायमचे खोटे पाडले होते.

गावात मात्र वेगळीच कथा पोहोचली. वहिनीने सांगितले, की भाऊजींनी देवांना उराशी धरून धन्याचा जीव परत आणला. लोक माझ्याकडे येऊ लागले. कोणाचा बाप अकोल्याला अतिदक्षता विभागात, कोणाची सून अडलेली. “गुरुजी, आमच्या घरचे देव तुमच्या हातानं पान्यात ठेवा.” मी गेलो. कोणी तरी मानाने बोलावते, म्हणून गेलो. त्या घरांत पाण्यावर वाकताना माझ्या मनात एकही शब्द उमटत नसे. तरी मी ओठ हलवत असे.

दादा परतला तेव्हा आमच्या देवघरात डोकावून म्हणाला, “सुटका झाली का बे याहिची? बरं झालं. सर्दीनं मेले असते बिचारे.” मी हसलो, माय हसायची तसाच.

मी पुष्कळ दिवस मागणे सोडले होते. ज्या तोंडाने ते शब्द म्हटले, त्याच तोंडाने दुसरे कसे म्हणावेत, हे कळेना. पण सोडूनही चैन पडेना, कारण मायला दिलेला शब्द होता आणि दादा तसाच होता. एका सकाळी मी कोरड्या देवांपुढे बसलो आणि फक्त म्हणालो, “दादासाठी.” पुढचे वाक्य मला सुचले नाही. तेव्हापासून रोज तेवढेच म्हणत आलो. अट नाही, मुदत नाही, पाणी नाही. हे मागणे पुरे झाले की नाही, हे मला कधी कळणार नाही. ते ठरवणे मी माझ्या हाती ठेवलेले नाही.

एक हात गेल्याने दादा शांत झाला, असे वाटले असेल तर ते खरे नाही. जखम भरली आणि डावा हात उजव्याचे काम शिकला. त्याने डाव्या हाताने जेवण शिकायच्या आधी डाव्या हाताने मारणे शिकले. पाण्याचा तांब्या वहिनीच्या खांद्यावर बसला तो मी अंगणातून पाहिला. दुसऱ्यांदा त्याने हात उगारला, तेव्हा वहिनीने ते मनगट धरले. दोन्ही हातांनी. दादाने हिसडा दिला, तिला भिंतीवर रेटले, पायाने लाथ मारली. तिच्या नाकातून रक्त आले. ती सोडेना. दोघे तसे उभे राहिले, धापा टाकत, आणि मग दादा हळूहळू खाली बसला. तिने मनगट धरूनच त्याला बसू दिले. त्यानंतर त्याने हात उगारला नाही.

मी अंगणात उभा होतो. माझ्या हातात देवाची फुले होती.

त्या दिवशी मला कळले, की हात धरता येतो. एक हात उरला होता तेव्हा ती एकटी पुरली. दोन होते तेव्हा घरात आम्हीही दोघे होतो.

आता दादाला साखरेचा आजार आहे. डोळ्यांना कमी दिसते. थंडीच्या दिवसांत तो सकाळी माझ्या देवघरासमोरच्या ओट्यावर उन्हाला येऊन बसतो, कारण ऊन आधी तिथे येते. परवा मी पूजा करत होतो. वहिनी ओट्याच्या कडेला लसूण सोलत होती. माझे “दादासाठी” म्हणून झाले आणि बाहेरून आवाज आला.

“लहान्या, अजून मांगूनच राह्यला का बे माह्यासाठी?”

“हाव.”

“थकला नाई?”

“नाई.”

“लेका, इतक्या वर्षांत बहिऱ्यालेही ऐकू आलं असतं.” तो हसला. मग कधी नव्हे त्या सुरात म्हणाला, “काय मांगतं रे तू?”

हा प्रश्न त्याने जन्मात पहिल्यांदा विचारला होता. चेष्टा नव्हती. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते. वहिनीच माझ्याऐवजी बोलली, “काय मांगतीन? त्याहिनं मांगलं म्हनून तं जिते हा तुमी. त्या दिवशी देव उराशी धरून—”

“नाई वैनी,” मी म्हणालो. मी बाहेर येऊन ओट्याखाली जमिनीवर बसलो. “जीव नाई मांगला म्या. त्याच्या आंधी हात मोडाले सांगितलं होतं देवाले. रोज सांगत होतो. हात गेला म्हनून देव बाहीर काढले. दादा, म्या मांगला तुहा हात.”

वहिनीच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. दादा माझ्या आवाजाच्या दिशेने डोळे बारीक करून पाहत राहिला. आणि मग तो हसू लागला. खुंट हलेपर्यंत हसला.

“तू? तुह्या सांगन्यानं गेला माहा हात? मंग तुहे दात कोनाच्या सांगन्यानं गेले बे?” त्याला खोकला आला. “मशीन होतं ते लहान्या. ओलं सोयाबीन होतं. अडकलं, म्या हात घातला. तुहा देव नव्हता तिथं, मी होतो, ट्रॅक्टरवाला होता. उगा मोठेपना घेऊ नको.”

त्याने मला एका क्षणात मोकळे केले होते. मी तिथेच उठलो असतो तर चालले असते. त्याच्या दृष्टीने माझा काही अपराधच नव्हता. जो देव मानत नाही, त्याच्याकडे मी देवापुढच्या पापाची क्षमा मागत होतो, आणि त्या क्षमेसाठी आधी त्याने माझ्या प्रार्थनेची ताकद मान्य करावी, अशी माझी अपेक्षा होती. त्यातही मोठेपणच होते. तो बरोबर बोलला. यंत्राने काय केले ते यंत्राचे. त्या दिवशी देवघरात, भाकरीच्या टोपलीशी जे घडले, ते मात्र माझे होते. ते समजायला देव लागत नव्हता, की विश्वास लागत नव्हता. दादा ते समजू शकत होता.

ऊन त्याच्या गुडघ्यापर्यंत आले होते. त्याचा डावा हात ओट्यावर पालथा पडला होता. मी तो धरला. जड होता, कोमट होता, आणि त्याने काढून घेतला नाही. वहिनी आमच्या हातांकडे पाहत होती. माझा आवाज नेहमीसारखा हळू निघत होता, म्हणून मी घसा साफ केला आणि दोघांनाही ऐकू जाईल एवढ्याने बोललो.

“दादा, तुहा हात गेला तवा मले बरं वाटलं. म्या घरी येऊन पोटभर भाकर खाल्ली. तू रस्त्यात तडफडत होता अन् मले भाकर गोड लागली. वैनी, तुमी हात धरा म्हनत होत्या. म्या धरला नाई, तुटायची वाट पाहत राह्यलो, अन् तुमाले मार बसला तवा घंटा वाजवत राह्यलो. माहं चुकलं. तुमा दोघाईची माफी मांगतो.”